धने फोडून पेरतात

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमागे
भिंत आणि मोरीचं सांडपाणी यांच्या मधे
एक बाज मावेल एवढी जागा.
पोळा होऊन गेला होता.
केतकी म्हणाली, आपण शेत करू.
मी म्हणालो, करू.

यावलच्या केळीवाल्यांचा नातू मी,
आणि कुदळ पहिल्यांदा हातात घेतली
चाळिशीला दोन वर्षं उरली असताना.

खणलं, तर आधी खडी निघाली.
मग कोळशाची राख, वाफेच्या इंजिनांच्या काळातली.
मग एक बोल्ट, मुठीएवढा, गंजून लाल.
निनादने तो चड्डीच्या खिशात घातला
आणि चड्डी खाली आली.
त्या दिवशीचं काम तिथंच संपलं.

मामेभावाने काळ्या मातीच्या चार गोण्या पाठवल्या.
ओतल्या, तर निनाद त्यात मांडीपर्यंत जाऊन बसला.
थंड आहे, म्हणाला. मला पण पेर.

मेथी, धने, मुळा,
भिंतीच्या कडेला गिलक्याच्या तीन बिया,
बामणोदहून आणलेली हिरव्या वांग्याची पाच रोपं.
पाट्या केतकीने लिहिल्या.
"मेथि" असं लिहिलं.
वेलांटी नंतर वाढेल, म्हणाली.

दर सकाळी शाळेच्या रिक्षाआधी
ती एक बी उकरून बघायची.
झोपलंय अजून, बाबा.
परत झाकायची, वर थोपटायची.
एकदा मी ओरडलो.
मग एका पहाटे रात्रपाळीहून आलो
आणि घर झोपलेलं बघून
मीही एक उकरलं.

त्याला पांढरं बोट फुटलं होतं.

अठ्ठावन्न डब्यांच्या मालगाडीला झेंडी दाखवताना
हलत नाही तो हात
परत माती लोटताना हलला.

धने मात्र आलेच नाहीत.
नळाला पाणी सहाव्या दिवशी, ते पिण्यापुरतं,
म्हणून तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
निनादच्या आंघोळीतलं, साबण लागायच्या आधीचं,
सगळं त्या ओळीला पाजलं. पंधरा दिवस.
शेवटी भिंतीवरून सुभान तडवी वाकले,
रिटायर ट्रॅकमन, कानात बिडी.
"अख्खे टाकले का रे भो?
धने फोडून पेरता. चपलेखाली रगड,
एकाचे दोन कर. अख्खे कधी उगतीन?"

मग आम्ही तिघं फरशीवर चपला घालून
धन्यांवर नाचलो.
हेमांगी ड्यूटीवरून आली, दारात थांबली,
आणि काही न विचारता
तिनेही चप्पल काढली नाही.

मेथी कबुतरांनी नेली.
मुळ्याला दोन पाय निघाले,
तो कापू दिला नाही निनादने.
तीन रात्री उशाशी ठेवला, वास येईपर्यंत.
गिलक्याचा वेल भिंत चढून पलीकडे गेला
आणि पलीकडेच लागला.
आमची गिलकी आता
तडवी चाचींच्या ताटलीतून भजी होऊन येतात, गरम.
ताटली रिकामी परत करायची नसते,
म्हणून मी तिच्यात कोथिंबिरीची पहिली जुडी ठेवली.
जुडी कसली,
नऊ काड्या.
केतकीने मोजून दिल्या.

वांग्याची दोन रोपं गेली, दोन नुसतीच वाढली.
पाचव्याला एक वांगं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं.
चाचांनी पळाटीच्या काड्या पेटवल्या,
बडगीत कुटलं, वर कांद्याची पात.
दोन घरं, सात माणसं, एक वांगं.
केतकी तिखट तिखट करत पाणी प्यायली
आणि पुन्हा बोट बुडवलं.

बोल्टचं राहिलंच सांगायचं.
तो निनादने कोपऱ्यात पेरला होता, आम्हाला न सांगता.
मुळ्याची जागा साफ करताना सापडला.
मी काढायला गेलो तर मनगट धरलं त्याने.
रोज पाणी घालतो म्हणे.
इंजिन यायला किती दिवस लागतात?

मी म्हणालो, चाचांना विचारू.
तो भिंतीकडे पळालासुद्धा.